सांगलीतल्या एका वाचनालयाचा शनिवारचा कट्टा: पोरांना पाठवावं का?

पाठवा. पण मूल निदान पाचवीत गेलेलं असावं, आणि त्याला दारात सोडून परत फिरायची तुमची तयारी असावी. हा कट्टा म्हणजे पोरांनी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमून वाचायचं, खेळायचं, काहीतरी करून बघायचं. वर येऊन मागच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या आयांची तिथं अडचणच होते. माझ्या मुलीनं मला स्पष्टच सांगितलं, "आई, तू जिन्याखाली थांब, नाहीतर घरी जा." मी घरी गेले.

माझी दोन्ही पोरं तिथं जातात. मुलगी नववीत, मुलगा सातवीत. मी डीटीपीचं काम करते: लग्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, दिवाळीला एखाददुसरा अंक. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडं टोचूनही लिहिलंय आणि तिथला अहवाल माझ्याकडंच लावायला येतो.

आधी व्यवहाराचं. अनामत ३०० रुपये, बालविभागाची वर्गणी महिना २० रुपये आणि कट्ट्याचे महिना १०० रुपये वेगळे. शनिवारी साडेचार ते साडेसहा. शंभर रुपयांत दोन तास, वर कागद-रंग आणि अधूनमधून भडंग. शहरात अबॅकस आणि कोडिंगच्या क्लासला काय मोजावं लागतं ते बघितलं तर हे फुकटच म्हणायचं. जागा मात्र सांगण्यासारखी नाही. वरच्या मजल्यावरचं जुनं सभागृह, दोन पंखे, त्यातला एक आवाज करतो. खाली अभ्यासिका. म्हणजे वर पोरं पाय आपटतायत आणि खाली एमपीएससी आणि पोलीस भरतीवाली मुलं कानात बोळे घालून बसलीयत. आपल्याकडच्या बहुतेक वाचनालयांचा संसार आता अभ्यासिकेच्या फीवरच चालतो, त्यामुळं भांडण झालं की समिती कुणाची बाजू घेणार हे वेगळं सांगायला नको.

जिन्यावर ग्रंथालयतज्ज्ञ डॉ. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पाटीवर रंगवलेली आहेत. त्यांनी ती १९३१ साली मांडली. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हे पहिलं. त्याच्या बरोबर खाली, वेगळ्या फॉन्टमध्ये, परवापर्यंत दुसरी सूचना होती: 'मुलांनी कपाटांना हात लावू नये.' कट्टा सुरू झाल्यावर तिथल्या ग्रंथपाल ताईंनी ती उतरवायला लावली. माझ्या दृष्टीनं या उपक्रमातलं पहिलं चांगलं काम तेच.

सुरुवातीला त्यांनी नऊ ते सोळा वयाची सगळी पोरं एकत्र बसवली होती. ते चालणारच नव्हतं. दहा वर्षांच्या पोराला नियम हवे असतात, गट हवे असतात, गुण हवेत, कोण जिंकलं ते फळ्यावर लिहायला हवं. चौदा वर्षांच्या मुलीला यातलं काहीही नको. तिला कोपरा हवा, दोन मैत्रिणी हव्यात, आणि आपल्याकडं कुणी बघत नाहीये अशी खात्री हवी. शिवाय वर पाटी 'बालविभाग'. माझी मुलगी त्या पाटीखालून आत जायला तयार होईना. पहिल्या सत्रात मोठी मुलं गळाली, तेव्हा समितीच्या एका सदस्यांनी निदान केलं: मोबाइल. ताईंनी वेगळं केलं. दहा ते बारा एका बाजूला, तेरा ते सोळा दुसऱ्या बाजूला, मध्ये नियतकालिकांचं कपाट आडवं लावलं, आणि मोठ्यांच्या बाजूला पाटीच लावली नाही. तेरावं लागल्यावर कपाटापलीकडं जायला मिळतं. माझा मुलगा आत्तापासून दिवस मोजतोय.

लहान गटाचं सगळ्यात जमलेलं काम म्हणजे कुलपांचा खेळ. बऱ्याच वाचनालयांत पुस्तकं दाखल क्रमांकानं, म्हणजे आली त्या क्रमानं, नाहीतर कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन अशा विभागांनी लावलेली असतात. इथं निदान संदर्भ विभाग आणि बालविभाग तरी ड्यूई पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा देऊन, लावलेत. ताईंनी बाजारातून बॅगेला लावायची तीन आकडी कुलपं आणली, एका ट्रंकेला साखळीनं अडकवली आणि पोरांच्या हातात चिठ्ठ्या दिल्या. 'भुताखेतांवरची पुस्तकं कुठं राहतात?' उत्तर १३३. 'क्रिकेटचं घर?' ७९६, दशांशचिन्हापुढं ३५८. 'चित्रकथा?' ७४१.५, तिथं पोरं अडली, कारण तीन आकडी कुलपात दशांशचिन्ह कुठं घालायचं यावर दोन गटांत वाद झाला. मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. तो शोधायला फार वेळ लागला नाही, अर्धं वाचनालय तिथंच आहे. खेळता खेळता एका मुलीला लोणच्याच्या पाककृतींचं पुस्तक ५४० मध्ये, म्हणजे रसायनशास्त्रात, सापडलं. ते असायला हवं ६४१ मध्ये. ताईंनी तिलाच लेबल आणि डिंक दिला. त्या दिवसापासून ही पोरं चुकीच्या जागी लागलेली पुस्तकं हुडकत असतात. एरवी हे काम करायला वाचनालयाकडं माणूस नाही.

मोठ्या गटात ते पेपरात गुंडाळलेल्या पुस्तकाचं करतात. ज्यानं पुस्तक वाचलंय त्यानं ते जुन्या वर्तमानपत्रात बांधायचं, वर नाव नाही, लेखक नाही, फक्त तीन खुणा लिहायच्या. माझ्या मुलीनं एकावर लिहिलं होतं: 'एक म्हातारा खोटं बोलतो. शेवटची वीस पानं रात्री वाचू नका. कुत्रा मरत नाही.' ते पुस्तक त्याच दिवशी गेलं. पुस्तकाच्या मागं चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर त्याआधीचा शिक्का १९९८चा होता. समितीनं मध्यंतरी 'संस्कारक्षम पुस्तकांची यादी' करून भिंतीला लावायचं सुचवलं होतं. यादी लागली, टाइपसेटिंग मीच केलं, आणि चांगलं केलं. तिच्यातलं एकही पुस्तक हललेलं मी तरी ऐकलं नाही. कुत्रा मरत नाही ही माहिती चौदा वर्षांच्या माणसाला किती महत्त्वाची असते, ते चौदा वर्षांचंच माणूस जाणे.

आता खरी गोष्ट. मला विचाराल तर पुराच्या आठवणींच्या एकट्या ध्वनिमुद्रणासाठी मी वर्षाचे पैसे भरले असते.

सांगलीत पावसाळ्यात माणसं 'कसं आहे?' असं विचारत नाहीत, 'किती फूट?' असं विचारतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोक्याची पातळी, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. २००५चा पूर आमच्या पिढीला वाटलं होतं की आता यापेक्षा जास्त काय येणार. २०१९ आणि पाठोपाठ २०२१नं दाखवून दिलं. वाचनालयात सकाळी पेपर वाचायला येणारे जे आजोबा-आजी आहेत, त्यांच्याकडं हे सगळं साठलेलं आहे, आणि ते सांगायला उत्सुकच असतात, ऐकणारं कुणी नसतं. ताईंनी दोन्ही टोकं जोडून दिली.

त्याआधी कट्ट्यात मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायचा नियम होता. मोठी पोरं त्यावरूनच निम्मी वैतागलेली. आता तोच मोबाइल टोपलीतून काढून ध्वनिमुद्रणाला दिला. पहिल्या वेळी पोरांनी प्रश्न काढले ते असे: 'पुराच्या वेळी आपल्याला कसं वाटलं?' 'तरुण पिढीला काय संदेश द्याल?' टीव्हीवर ऐकून ऐकून पोरं तेच शिकणार. ताईंनी सगळे खोडले. म्हणाल्या, ज्याचं उत्तर फक्त त्याच माणसाला देता येईल तेवढंच विचारायचं. मग निघालेला प्रश्न होता: 'पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा घरातलं काय सगळ्यात आधी माडीवर नेलं?' आणि त्याची उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. कुणी गॅसचं सिलिंडर, कुणी रेशनकार्ड आणि सातबारा एका पिशवीत. एका आजींनी शेवयांचं यंत्र. का, तर ते माहेरचं. एक काका म्हणाले, मी काहीच नेलं नाही, मी शेजारच्याची म्हैस सोडायला गेलो. यावर माझ्या मुलीच्या मैत्रिणीनं विचारलं, "मग म्हैस कुठं गेली?" आणि पुढची वीस मिनिटं म्हैस कुठं गेली यावर आहेत.

ध्वनिमुद्रण कुठं करायचं हाही घोळ झाला. सभागृहात पंखा, खाली रस्ता, शेजारी पिठाची गिरणी. शेवटी जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवलेली अडगळीची खोली सापडली. चारी बाजूंनी छतापर्यंत कागद, त्यामुळं आवाज घुमत नाही. पैसे खर्चून केलेल्या स्टुडिओत फोमच्या गाद्या लावतात, इथं मासिकांचे बांधीव गठ्ठे तेच काम करतात. प्रत्येक माणसाकडून सहीचं संमतिपत्र घेतलं जातं, मुलांच्या पालकांकडूनही. हे व्यवस्थित केलंय, त्याबद्दल पूर्ण गुण. ध्वनिमुद्रणं वाचनालयाच्या संगणकावर आहेत आणि सभासदांना हेडफोन लावून ऐकता येतात. बाहेर टाकलेली नाहीत, आणि तेही बरंच आहे.

याच्या जोडीला मराठी विकिपीडियाचं एक सत्र होतं. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, पण आपणही त्यात लिहू शकतो हे पोरांना माहीतच नव्हतं. एकानं उत्साहानं आपल्या गावचा अख्खा मजकूर दुसऱ्या संकेतस्थळावरून उचलून चिकटवला. दुसऱ्या दिवशी तो उडालेला. रडारड झाली, पण नकल आणि संदर्भ यांतला फरक शाळेत तीन वर्षं सांगून कळत नाही, तो तिथं कळला. मग जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, काढून, पान क्रमांक देऊन, दोन वाक्यं लिहिली. ती राहिली.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक मोफत वाचायला ठेवलेत, तेही ताई पडद्यावर दाखवतात. लहान गटाला जुनी कोडी आवडली. मोठ्या गटाला जुनी चित्रं.

आता टोचणारं.

वाचन प्रेरणा दिन. १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, आपल्या राज्यात २०१५ पासून साजरा होतो. दिवस चांगला, हेतू चांगला. पण या वाचनालयात त्या दिवशी पोरांना सतरंजीवर बसवलं, पाहुण्यांना खुर्च्यांवर, आणि दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद करून ठेवले. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, अध्यक्षीय मनोगत, आभार. वाचन किती झालं? फोटोपुरती पुस्तकं उघडली तेवढं. कट्ट्याची पोरं त्या दिवशी पाहुण्यांना पाणी द्यायच्या कामावर होती. लेखक आपल्या भेटीला येतात तेव्हाही साधारण हाच प्रकार. माणसं मोठी असतात, मनापासून येतात, पण तासभर एकटेच बोलतात आणि शेवटी 'कुणाला काही विचारायचंय का?' तोपर्यंत पोरांचं डोकं घरच्या जेवणावर.

याउलट ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन बघा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीतच 'सीतास्वयंवर' हे पहिलं मराठी नाटक केलं, म्हणून इथं त्या दिवसाला मान आहे. पोरांनी स्वतः लिहिलेला दहा मिनिटांचा प्रवेश हातात कागद धरून वाचला. पाठांतर नाही, नेपथ्य नाही, मेकअप नाही. विषय होता क्लासच्या फीवरून घरात झालेली वादावादी. आयाबापांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. हा कार्यक्रम पोरांनी ठरवला होता, १५ ऑक्टोबरचा समितीनं. फरक तिथंच आहे.

पुस्तकखरेदीचंही असंच. ताईंनी समितीशी भांडून मोठ्या गटासाठी ५,००० रुपये वेगळे काढून घेतले आणि पोरांनाच प्रदर्शनात पाठवलं. त्यांनी आणली इंग्रजी भाषांतरातली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, एका क्रिकेटपटूचं चरित्र, रहस्यकथा आणि एक केसांच्या निगेचं पुस्तक. बैठकीत गदारोळ. "हे वाचनालयाच्या पैशातून?" शेवटी तोडगा निघाला की पुढच्या खेपेला निम्मी मराठी पुस्तकं हवीत, आणि प्रत्येक पुस्तक का घेतलं ते पोरांनी एका ओळीत लिहून द्यायचं. त्या ओळी मी वाचल्यात. 'माझ्या बहिणीला केस गळतात म्हणून' हे कारण आमच्या समितीनं आजवर दिलेल्या कुठल्याही कारणापेक्षा पटणारं आहे. मांगाचं कपाट बहुतेक वेळा रिकामंच दिसतं, पुस्तकं बाहेर गेलेली असतात. तक्रार माझी एवढीच, की मराठीत या वयासाठी चित्रकथा शोधायला गेलं तर पोरांच्या हाताला फार थोडं लागतं. पण ती वाचनालयाची चूक नव्हे.

ज्या गोष्टी पुरुषांच्या समितीला सुचत नाहीत त्यातली एक: स्वच्छतागृह. एकच, आणि किल्ली वॉचमनकडं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं वॉचमनकाकांकडं किल्ली मागायला जायचं? मुली पाणीच पीत नव्हत्या. हे मी आणि आणखी दोन आयांनी लेखी दिलं. आता किल्ली कपाटामागच्या खिळ्याला असते आणि ताईंच्या टेबलाच्या खालच्या खणात पॅड ठेवलेले असतात, न विचारता घ्यायचे. मुलींची हजेरी टिकून राहण्यात त्या खणाचा वाटा कुठल्याही कार्यक्रमापेक्षा मोठा आहे असं माझं मत आहे. डिसेंबरात साडेसहाला अंधार पडतो, तेव्हा मुलींना न्यायला माणूस येईपर्यंत ताई खाली थांबतात, हेही लिहून ठेवते.

वेळेचं गणित मात्र अजून बसलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी निम्म्या पोरांचे क्लास. दहावी लागली की जूनपासून मूल दिसेनासं होतं. रविवार सकाळ करा म्हणून सांगितलं तर रविवारी साप्ताहिक सुट्टी. ज्या दिवशी पोरांना सुट्टी त्याच दिवशी वाचनालयाला सुट्टी.

अभ्यासिकेशी भांडण कसं मिटलं ते सांगायचं राहिलं. खालचा एक भरतीवाला मुलगा आवाजाची तक्रार घेऊन वर आला. त्या वेळी मोठा गट फाशांवर चालणारी गोष्ट खेळत होता: एक सूत्रधार, बाकीचे पात्रं, गड चढायचा आहे, फासा पडेल तसं पुढं जायचं. सूत्रधार अडला होता. या मुलानं उभ्या उभ्या दोन प्रश्न विचारले, "पहारे किती? दोर किती लांब?" आणि खालीच बसला. आता तो पंधरा दिवसांतून एकदा त्यांना तर्काची कोडी घालतो, स्पर्धा परीक्षेला असतात तसली. त्याचाही सराव होतो. बदल्यात पोरं पाच ते साडेपाच आवाज न करता वाचत बसतात. हा करार त्यांनी आपापसात केला, लेखी नाही, आणि समितीला तो बहुधा अजून माहीत नाही.

सगळ्यात मोठी धास्ती वेगळीच आहे. हे सगळं एका ताईंवर उभं आहे. त्या बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालेल्या, हुशार, आणि पोरांशी बोलताना आवाज बदलत नाहीत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, वाचनालयांचे अ-ब-क-ड वर्ग आहेत, अनुदान आहे, पण अनुदानित वाचनालयातल्या माणसाच्या हातात महिन्याला काय पडतं ते कुणाला सांगायला नको. उद्या त्यांना शाळेत नोकरी लागली तर त्या जातील, जावंच. मग हा कट्टा कोण चालवणार? कुठल्या शनिवारी काय केलं, काय फसलं, सामान किती लागलं, याची एक वही त्यांनी ठेवावी म्हणून मी मागं लागलेय. टाइप करून द्यायचं मी कबूल केलंय, फुकट. पोरांपैकी दोघीतिघींना त्यांनी हळूहळू चालवायलाही दिलंय. लहान गटाची कुलपं आता माझी मुलगीच लावते, आणि घरी माझ्याशी नीट न बोलणारी ही पोरगी तिथं दहा वर्षांच्या पोरांना 'अरे, आधी वाच की चिठ्ठी' म्हणून शांतपणे समजावते म्हणे.

पाचपैकी चार. एक गुण १५ ऑक्टोबरसाठी कापला.

नवीन नावं दिवाळीच्या सुट्टीनंतर घेतात. मुलाचा एक फोटो आणि आधारची झेरॉक्स लागते, फॉर्म खालच्या काउंटरवर मिळतो, पण पैसे वर ताईंकडंच भरा आणि पावती मागून घ्या. मोठ्या गटात जागा कमी आहेत. स्कूटर गिरणीच्या दारात लावू नका, ते हवा सोडतात.